सरकारी दावा छापण्याआधी: युद्धाच्या बातम्यांसाठी क्रमवार पडताळणी

८ मे २०२५ च्या रात्री अनेक वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचे आणि इस्लामाबाद ताब्यात आल्याचे सांगितले. यातले काहीच घडले नव्हते. ती चूक दुसऱ्याच दिवशी उघडी पडली, म्हणून तिची निदान चर्चा झाली. तिच्याहून घातक चूक गाजावाजा न होता घडते. मंत्री किंवा अधिकारी युद्ध का अटळ आहे ते सांगतो, त्यासाठी एक फोटो, एक आकडा, एक साक्षीदार पुढे करतो, आणि आपण ते न तपासता पान एकला लावतो. खरेखोटे कळेपर्यंत माणसे मेलेली असतात.

मुंबईतल्या मराठी डेस्कवर ही चूक बहुधा एकाच वाटेने शिरते. दिल्लीहून वृत्तसंस्थेची इंग्रजी कॉपी रात्री उशिरा येते. शहर आवृत्तीचे पान सुटायला तास-दीड तास उरलेला असतो. उपसंपादक भाषांतर करतो. ‘असा दावा त्यांनी केला’ हे मजकुरात राहते, पण मथळ्यातून गळते. पुढे मथळाच मोबाइलवर फिरतो. खालचा क्रम याच तास-दीड तासात बसावा असा लावला आहे. तयारी आधी झालेली असेल तर टप्पा १ ते ४ ला साधारण चाळीस मिनिटे लागतात. ती नसेल तर रात्रभर बसूनही हाती काही लागत नाही.

## तयारी: तणाव नसताना करायची कामे

फोनची यादी. माणसांच्या नावांप्रमाणे नव्हे, दाव्यांच्या प्रकाराप्रमाणे करा. बंदर किंवा जहाजाचा दावा आला तर बॅलार्ड इस्टेटमधला शिपिंग एजंट, सागरी विमा पाहणारा माणूस, निवृत्त कप्तान. अणुसाहित्याचा दावा आला तर तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातून निवृत्त झालेले शास्त्रज्ञ. धातू, स्फोटक किंवा रडारचा दावा आला तर पवईच्या आयआयटीतले प्राध्यापक. न्यायवैद्यक पुराव्याचा दावा आला तर अशा प्रयोगशाळेत काम करून निवृत्त झालेले तज्ज्ञ. प्रत्येक प्रकारात किमान तीन नंबर हवेत, कारण रात्री अकराला दोघे फोन उचलणार नाहीत.

यादीत निवृत्त लष्करी अधिकारी जरूर ठेवा, पण प्रत्येकासमोर तो आज कोणत्या कंपनीशी, कोणत्या पक्षाशी जोडलेला आहे ते लिहा. पेंटागॉन, म्हणजे अमेरिकेचे संरक्षण खाते, वाहिन्यांवरच्या निवृत्त लष्करी विश्लेषकांना खास ब्रीफिंग देत असे आणि त्यांतल्या अनेकांचे संरक्षण कंपन्यांशी हितसंबंध होते, हे अमेरिकेत २००८ साली उघड झाले. प्रेक्षकांना ते स्वतंत्र तज्ज्ञ वाटत होते.

शंका घेणारा माणूस. प्रत्येक पाळीत एकाचे नाव रोस्टरवर लिहून ठेवा. दावा खोटा असेल तर तो कुठे खोटा ठरेल, एवढेच शोधणे हे त्याचे काम. बातमी थांबवण्याचा अधिकार त्याला लेखी द्या. तोंडी दिलेला अधिकार गर्दीच्या रात्री टिकत नाही. हे काम सर्वात नव्या उपसंपादकाच्या गळ्यात मारू नका. वृत्तसंपादकाला ‘नाही’ म्हणू शकेल असाच माणूस हवा.

कायदा आधी वाचा. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियमांतला नियम ६(१)(पी) दहशतवादविरोधी कारवाईचे थेट प्रक्षेपण रोखतो आणि कारवाई संपेपर्यंत नेमलेल्या अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेल्या माहितीपुरते राहायला सांगतो. २६ एप्रिल २०२५ रोजी माहिती व प्रसारण मंत्रालयाने याच नियमाची आठवण करून देणारी सूचना काढली. त्यामागचे कारण मुंबईकराला समजावून सांगायला नको. २६/११ ला ताज आणि नरिमन हाउसबाहेरचे थेट चित्रण सीमेपलीकडचे सूत्रधार पाहत होते, आणि २०१२ च्या कसाब निकालात सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांना त्याबद्दल कठोर शब्दांत सुनावले. म्हणून जवान कुठे आहेत, कोणत्या दिशेने निघाले आहेत, हे दाखवायचे नाही. पण ‘युद्ध करायचे कारण खरे आहे का’ हा प्रश्न या नियमात येत नाही. न्यूजरूममध्ये या दोन गोष्टींची सर्रास गल्लत होते आणि पहिल्याच्या आडून दुसऱ्यालाही टाळे लागते. शासकीय गुपिते कायदा १९२३ आणि भारतीय न्याय संहितेतली संबंधित कलमे वकिलासोबत बसून वाचा, आणि वकिलाचा रात्रीचा नंबर यादीत ठेवा.

> तपासा: शंका घेणाऱ्याचे नाव आजच्या रोस्टरवर आहे का? यादीतले नंबर गेल्या तीन महिन्यांत लावून पाहिले आहेत का?

## टप्पा १: दाव्याचे तुकडे करा (५ ते ८ मिनिटे)

मूळ वाक्य मूळ भाषेत, पूर्ण, जसेच्या तसे लिहून काढा. वृत्तसंस्थेचा सारांश चालणार नाही. प्रेसनोट किंवा निवेदनाचा व्हिडिओ शोधा. मग त्याचे सुटे दावे करा आणि प्रत्येकासमोर चार गोष्टी लिहा: कोण म्हणाले, नाव देऊन म्हणाले का, त्यांना कसे कळले, आणि हे खोटे ठरवायचे तर काय पाहावे लागेल.

तुकडे करणे का गरजेचे, हे अमेरिकेने २००३ मध्ये इराकवर केलेल्या युद्धाआधी गाजलेल्या ॲल्युमिनियम नळ्यांवरून कळते. इराकने नळ्या मागवल्या होत्या, हे खरे होते. त्या नळ्या युरेनियम शुद्ध करणाऱ्या सेंट्रिफ्यूजसाठीच योग्य आहेत, हे वादग्रस्त होते. अमेरिकेच्या ऊर्जा खात्यातले सेंट्रिफ्यूजचे जाणकार ते मानत नव्हते, त्या नळ्या ८१ मिलिमीटरच्या रॉकेटच्या मापाच्या होत्या. इराक अणुबॉम्ब बनवतो आहे, हे चूक होते. तीन दावे एका वाक्यात शिवले गेले आणि पहिल्याच्या खरेपणावर उरलेले दोन तरले. अशी वाक्ये कायम सापडतील. खरा तुकडा पुढे असतो, न तपासता येणारा मागे.

आकड्याचा तुकडा वेगळा काढा. २६ फेब्रुवारी २०१९ रोजी बालाकोटवरच्या हवाई हल्ल्यानंतर परराष्ट्र सचिवांनी केलेल्या निवेदनात ‘फार मोठ्या संख्येने’ दहशतवादी मारले गेल्याचे म्हटले होते. त्यात आकडा नव्हता. तरी त्याच दिवशी ३०० आणि ३५० हे आकडे सूत्रांच्या हवाल्याने सगळीकडे गेले. मूळ निवेदन समोर ठेवले असते तर डेस्कला एका मिनिटात कळले असते की आकडा निवेदनाबाहेरून आला आहे.

विशेषण आणि वेळही सुटी करा. ब्रिटिश सरकारच्या सप्टेंबर २००२ च्या अहवालात इराक ४५ मिनिटांत रासायनिक-जैविक शस्त्रे डागू शकतो असे होते. कोणती शस्त्रे? मूळ माहिती रणांगणावर वापरायच्या दारूगोळ्याबद्दल होती. पण वृत्तपत्रांनी सायप्रसमधल्या ब्रिटिश तळांपर्यंत धोका पोहोचवला. ‘कोणती शस्त्रे, किती पल्ल्याची’ एवढे विचारले असते तर तो मथळा उभाच राहिला नसता.

> सावधान: घटना आणि दावा यांत किती तास गेले, ते लिहा. ४ ऑगस्ट १९६४ रोजी टोंकिनच्या आखातात अमेरिकी नौकांवर दुसरा हल्ला झाल्याचे वॉशिंग्टनने काही तासांत जाहीर केले. त्याच दिवशी तिथल्या तुकडीच्या कमांडरने खराब हवामान आणि सोनार (पाण्याखालचे आवाज टिपणारे यंत्र) चालवणाऱ्यांचा उतावळेपणा यांमुळे शंका असल्याचे, आधी पूर्ण तपासणी करावी असे कळवले होते. ७ ऑगस्टला अध्यक्षांना लष्करी कारवाईची मुभा देणारा ठराव अमेरिकी काँग्रेसमध्ये संमत झाला: प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध ०, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. तो दुसरा हल्ला झालाच नव्हता. पहिल्या २४ तासांतला नि:शंक दावा हीच थांबण्याची खूण समजा.

## टप्पा २: माहितीचा उगम शोधा (१० मिनिटे)

कागदावर बाण काढा. अ ने ब ला सांगितले, ब ने क ला. दोन सूत्रे एकाच माणसापाशी पोहोचत असतील तर ते एकच सूत्र आहे. मंत्रालय, लष्कराचे ब्रीफिंग आणि सत्ताधारी पक्षाचा प्रवक्ता हे तिघे मिळून बहुतेक वेळा एकच होतात.

फिरून येणाऱ्या माहितीकडे खास लक्ष द्या. ८ सप्टेंबर २००२ रोजी नळ्यांची बातमी न्यूयॉर्क टाइम्समध्ये अधिकाऱ्यांच्या हवाल्याने आली. त्याच सकाळी उपाध्यक्ष डिक चेनी यांनी दूरचित्रवाणीवर तिचाच दाखला दिला. सरकारने दिलेली माहिती वृत्तपत्राची म्हणून सरकारकडेच परतली आणि पाहणाऱ्याला दोन स्वतंत्र साक्षी दिसल्या. आपल्याकडे हेच वृत्तसंस्था, वाहिनी आणि एक्सवरची पोस्ट यांच्यात अर्ध्या तासात घडते. ‘इतरांनीही दिले आहे’ हा पुरावा नाही.

सूत्राला एक प्रश्न प्रत्येक वेळी विचारा: ‘हे तुम्ही स्वतः पाहिलंत, कुणाकडून ऐकलंत, की कुठे वाचलंत?’ बहुतेक जण तिसरे उत्तर देतात. ५ फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी इराककडच्या सुरक्षा परिषदेत फिरत्या जैविक प्रयोगशाळांचे वर्णन केले. त्याचा मुख्य आधार होता ‘कर्व्हबॉल’ या टोपणनावाचा, जर्मनीत आश्रय घेतलेला एक इराकी. तो जर्मन गुप्तचरांच्या ताब्यात होता, अमेरिकी अधिकाऱ्यांना त्याची थेट चौकशी करता आली नव्हती. आपण खोटे सांगितल्याचे त्याने २०११ मध्ये कबूल केले.

साक्षीदार पुढे आणला असेल तर तीन गोष्टी: तो कोण, त्या दिवशी कुठे होता, आणि त्याला इथे कोणी आणले. १० ऑक्टोबर १९९० रोजी वॉशिंग्टनमध्ये १५ वर्षांच्या ‘नायिरा’ने इराकी सैनिकांनी कुवेतच्या रुग्णालयात बाळांना इन्क्युबेटरमधून काढून फरशीवर मरायला टाकल्याचे रडत सांगितले. कुटुंबाच्या सुरक्षेसाठी आडनाव देत नाही, असे सांगण्यात आले आणि पत्रकारांनी ते मान्य केले. जानेवारी १९९२ मध्ये कळले की ती कुवेतच्या अमेरिकेतल्या राजदूतांची मुलगी होती, आणि साक्षीमागे कुवेतसाठी काम करणारी हिल अँड नोल्टन ही जनसंपर्क कंपनी होती. तोवर आखाती युद्ध होऊन गेले होते. नाव छापायचे नसेल तर छापू नका, पण संपादकाला ते माहीत असल्याशिवाय साक्ष चालवू नका.

## टप्पा ३: खालच्या पायरीवर विचारा (१५ मिनिटे)

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. नेमका हाच टप्पा घाईत गाळला जातो. मंत्री आणि सचिव निर्णयाला बांधलेले असतात. शंका असते ती कागद तयार करणाऱ्यांकडे: तंत्रज्ञ, विश्लेषक, अवर सचिव, निवृत्त तज्ज्ञ. इराकच्या वेळी नाइट रिडर या अमेरिकी वृत्तपत्रसमूहाचे जोनाथन लँडे आणि वॉरन स्ट्रोबेल यांनी नेमके या मधल्या फळीतल्या लोकांना गाठले. बड्या वृत्तपत्रांना मिळणारी मंत्र्यांची जवळीक त्यांच्याकडे नव्हती, आणि त्यांच्याच बातम्या खऱ्या ठरल्या. मुंबईचा बातमीदार दिल्लीच्या दालनांपासून लांब आहे. ही उणीव मानू नका.

जाणकाराला ‘हे खरे आहे का’ असे विचारू नका, तो सांगू शकणार नाही. त्याऐवजी असे विचारा:

- हे शक्य असेल तर आणखी काय दिसायला हवे?
- याच वस्तूचा दुसरा साधा उपयोग काय असतो?
- हे इतक्या वेळात कळू शकते का?
- तुमच्या क्षेत्रात कोणाला हे पटणार नाही?

कागदपत्र दाखवले गेले असेल तर नाव, पद आणि तारीख आधी जुळवा. इराकने नायजरकडून युरेनियम घेण्याचा प्रयत्न केल्याची कागदपत्रे बनावट असल्याचे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख मोहम्मद अल बरादेई यांनी ७ मार्च २००३ रोजी सांगितले. २००० सालच्या एका पत्रावर दहा-अकरा वर्षांपूर्वीच पद सोडलेल्या मंत्र्याची सही होती. हे शोधायला गुप्तचर लागत नाही.

सरकारने मूळ अहवालाचा सारांश जाहीर केला असेल तर विचारा: पूर्ण अहवालात कोणाचा वेगळा शेरा होता का? ऑक्टोबर २००२ च्या अमेरिकी गुप्तचर अंदाजात परराष्ट्र खात्याच्या विश्लेषकांचा लेखी विरोध होता. जनतेसाठी काढलेल्या आवृत्तीत तो विरळ झाला.

> तपासा: दावा करणाऱ्या खात्याच्या बाहेरच्या किमान एका जाणकाराशी बोलणे झाले का? नसेल तर बातमी ‘दावा’ म्हणूनच जाईल, पहिल्या पानाच्या मुख्य जागी नाही.

## टप्पा ४: फोटो, व्हिडिओ, उपग्रहचित्र (१० मिनिटे)

व्हिडिओतून चार-पाच वेगवेगळ्या क्षणांचे स्क्रीनशॉट काढा आणि गुगल, यांडेक्स, टिनआय या तिन्हीवर उलट शोध करा, म्हणजे चित्र टाकून ते आधी कुठे आले होते ते पाहा. एकावर थांबू नका, तिघांचे निकाल वेगळे येतात. पहिला स्क्रीनशॉट धूर-आगीचा नको. कडेची इमारत, पाटी, खांब असलेला घ्या, आग सगळीकडे सारखीच दिसते. मे २०२५ मध्ये व्हिडिओ गेममधली दृश्ये लढाईची म्हणून फिरली. त्यांत माणसांचे आवाज, कॅमेऱ्याची हालचाल आणि धुराचा पसरण्याचा वेग अनैसर्गिक असतो. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फाइलमध्ये मूळ तारीख-ठिकाणाची माहिती उरत नाही, म्हणून पाठवणाऱ्याकडून मूळ फाइल मागा.

बंदराचा दावा असेल तर जहाजांच्या स्थितीची सार्वजनिक संकेतस्थळे उघडा आणि लगेच शिपिंग एजंटला फोन करा. बंदर खरोखर बंद पडले असेल तर व्यापारी जहाजे बाहेर नांगरून थांबतात, एजंटांकडे निरोप येतात. युद्धनौका या नकाशांवर बहुधा दिसत नाहीत आणि व्यापारी जहाजही आपला संकेत बंद करू शकते, हे ध्यानात ठेवा.

आगीचा दावा असेल तर उपग्रहांनी टिपलेल्या आगी दाखवणारा नासाचा फर्म्स नकाशा मोफत आहे. त्याच्या एका ठिपक्याची बाजू सुमारे ३७५ मीटर असते, आणि उपग्रह रात्री-दुपारी दीडच्या आसपास वरून जातात. मधल्या वेळेतला छोटा स्फोट त्यात येत नाही. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रेही मोफत आहेत, पण त्यांचा एक बिंदू १० मीटरचा असतो आणि पावसाळ्यात ढगच दिसतात.

> सावधान: या साधनांत काही न दिसणे म्हणजे काही न घडणे नव्हे. इमारत उभी दिसते म्हणून मारा चुकला असे सिद्ध होत नाही. छत भेदून आत फुटणाऱ्या दारूगोळ्याचे भोक १० मीटरच्या चित्रात कधीच दिसणार नाही. बातमीत ‘चित्रात अमुक दिसत नाही’ एवढेच लिहा.

शत्रुराष्ट्राच्या दाव्यालाही याच चारही टप्प्यांतून काढा. आपल्या सरकारवर शंका घेताना पलीकडच्या प्रवक्त्याचे वाक्य जसेच्या तसे उचलले तर ती पडताळणी नव्हे, बाजू बदलणे झाले.

## टप्पा ५: अधिकाऱ्यांना विचारा

प्रश्न ईमेलने पाठवा, वेळ नोंदवा, आणि उत्तर आले नाही तर बातमीत पाठवल्याच्या वेळेसह तसे लिहा. पत्रकार परिषदेत एकाच वाक्यात तीन प्रश्न विचारू नका, अधिकारी सोपा निवडतो. दुसऱ्या वृत्तपत्रातल्या सहकाऱ्याशी आधीच ठरवा: पहिल्याला उत्तर टाळले तर दुसऱ्याने स्वतःचा प्रश्न सोडून तोच प्रश्न पुन्हा विचारायचा. स्पर्धा बाजूला ठेवणे जड जाते, पण उत्तर मिळवायचा याहून चांगला उपाय नाही.

युद्धाच्या कारणांबद्दल विचारायचे ते हे: पुरावा नेमका काय आणि तो कोणी पाहिला? कारवाई आजच का, गेल्या महिन्यात का नाही? युद्धाखेरीज कोणते मार्ग तपासले? उद्दिष्ट साध्य झाले हे कशावरून ठरेल? शेवटचा प्रश्न सोडू नका. त्याचे उत्तर आज नोंदले गेले नाही तर उद्या उद्दिष्टच बदलते.

‘अशा वेळी प्रश्न विचारणे देशहिताचे नाही’ असे ऐकावे लागेल. वाद घालू नका. ‘तुम्ही दिलेली माहिती वाचकांना भरवशाने देता यावी म्हणून विचारतो आहे’ असे म्हणा आणि प्रश्न पुन्हा वाचा. सातारा-कोल्हापूरच्या गावागावांतून ज्यांची मुले सीमेवर आहेत, त्यांना या उत्तरावर सगळ्यांत आधी हक्क आहे.

## टप्पा ६: कॉपी आणि मथळा

हवाला मथळ्यात हवा. ‘शत्रूचे तीन तळ नष्ट’ नव्हे, ‘तीन तळ नष्ट केल्याचा लष्कराचा दावा’. पट्टीत जागा कमी पडली तर विशेषण काढा, हवाला काढू नका. न तपासलेला आकडा मथळ्यात अजिबात नको. पहिल्या तीन परिच्छेदांत एक वाक्य असे असावे: ‘या दाव्याची स्वतंत्रपणे खातरजमा झालेली नाही,’ आणि त्यापुढे नेमके काय तपासले, काय तपासता आले नाही. नुसते पहिले वाक्य सवयीने चिकटवले तर वाचक ते वगळून पुढे जातो.

जागेचाही विचार करा. इराकच्या वेळी शंका मांडणाऱ्या बातम्या लिहिल्या गेल्या होत्या, पण त्या आतल्या पानांत गेल्या. दावे पहिल्या पानावर होते. न्यूयॉर्क टाइम्सने २६ मे २००४ च्या संपादकीय टिपणात हेच मान्य केले. दावा ज्या पानावर, शंकाही त्याच पानावर.

जवानाच्या मृत्यूची बातमी घरच्यांना अधिकृतपणे कळल्याची खात्री होईपर्यंत नाव, गाव, फोटो थांबवा. स्ट्रिंगरने (स्थानिक अर्धवेळ बातमीदाराने) गावातून पाठवले असेल तरीही.

## टप्पा ७: दाव्यांची वही

प्रत्येक मोठा दावा तारीख, मूळ शब्द आणि आपला मथळा यांसह एका वहीत किंवा शीटमध्ये चढवा. प्रेसनोटचे पान वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या संकेतस्थळावर) साठवा, कारण संकेतस्थळावरचा मजकूर बदलू शकतो. ४८ तास, ७ दिवस आणि ३० दिवसांनी परत पाहण्याच्या तारखा कॅलेंडरवर टाका, आणि संसदेचे अधिवेशन सुरू झाले की लेखी उत्तरे वाचा.

उशिरा का होईना, माहिती बाहेर येते. २७ फेब्रुवारी २०१९ ला बडगाममध्ये कोसळलेले एमआय-१७ हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पाडले होते, हे हवाईदल प्रमुखांनी ऑक्टोबर २०१९ मध्ये मान्य केले. मे २०२५ च्या लढाईत विमाने गमावल्याचे संरक्षण दल प्रमुखांनी ३१ मे रोजी सिंगापूरमध्ये परदेशी वृत्तसंस्थांशी बोलताना सांगितले. वही असेल तर अशा दिवशी आपण पहिल्या रात्री काय छापले होते ते पाच मिनिटांत सापडते.

चूक सापडली तर दुरुस्ती मूळ बातमीच्याच पानावर, त्याच आकाराच्या जवळपास छापा. ‘अनवधानाने चूक झाली’ एवढे पुरत नाही. चुकीचे वाक्य काय होते, बरोबर काय, चुकीचे कोणाच्या हवाल्याने दिले होते आणि कोणता टप्पा गाळला गेला, हे चारही लिहा. वेबवरची जुनी बातमी काढून टाकू नका. तिच्या माथ्यावर दुरुस्ती तारखेसह लावा, मथळा बदला, आणि व्हॉट्सॲप चॅनेलवर जुना मथळा गेला असेल तर दुरुस्त मथळा तिथेही पाठवा.